गोटुलातील बैठक

पुण्याच्या क्वीन्स गार्डन परिसरात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, १९६२ साली ही संस्था सुरू झाली. डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातून आलेला विद्वान तिच्या संचालकपदी होता. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जाणाऱ्या पुणेकराला तेथे मुखवटे दिसतात, वाद्ये दिसतात, वारली चित्रे, दागिने, धनुष्यबाण, मासेमारीची साधने दिसतात. तासाभरात सारे पाहून होते. मात्र या वस्तू घडविणाऱ्या समाजाने जपलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणत्याही काचेच्या कपाटात मांडता येण्यासारखी नाही. ती म्हणजे भांडलेल्या माणसांना एकत्र बसवून, दोघांचाही मान राखून, त्यांना पुन्हा एकाच पाणवठ्यावर पाणी भरण्यास लावण्याची विद्या. ही विद्या आज महाराष्ट्राला कधी नव्हे इतकी हवी आहे.

त्याचे कारण गडचिरोलीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी चळवळीतील ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ रक्ताने माखलेल्या एका अध्यायाचे हे शेवटचे पान ठरावे, अशी आशा त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने व्यक्त केली, आणि ती अनाठायी नव्हती. पोलीस दलाने व गावागावांतील सामान्य माणसांनी त्यासाठी मोजलेली किंमत विसरता येणार नाही. परंतु शस्त्र खाली ठेवणे ही एका दिवसाची गोष्ट असते. त्यानंतरचा प्रश्न वर्षानुवर्षांचा आहे. जंगलात गेलेला तरुण किंवा तरुणी आज ना उद्या आपल्या गावाकडे पाहणार. त्या गावात एखादे घर असे असते, ज्याच्या कर्त्या पुरुषाला ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून रात्रीतून उचलून नेले गेले आणि सकाळी ज्याचे प्रेत रस्त्यावर सापडले. त्या घरातील विधवा, तिची आता मोठी झालेली मुले आणि परतून आलेला तो तरुण यांनी एकाच पांदीने जायचे, एकाच बाजारात मोहफुले विकायची, एकाच देवाच्या जत्रेत नाचायचे, हे घडावे कसे? शासनाचे पुनर्वसन धोरण पैसा देऊ शकते, घर देऊ शकते, नोकरीही देऊ शकते. एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पुन्हा मान वर करून पाहावे, याचा शासन निर्णय निघत नाही.

हे काम करण्याची जागा माडिया-गोंडांच्या गावात पूर्वापार आहे. तिचे नाव गोटुल. शहरी वाचकाने गोटुलविषयी जे काही वाचलेले असते, ते बहुधा परदेशी अभ्यासकांच्या आणि सनसनाटी लेखकांच्या चष्म्यातून. तरुण-तरुणींच्या नृत्याची जागा, यापलीकडे ती माहिती जात नाही. प्रत्यक्षात गोटुल हे गावाचे सभास्थान आहे, पाहुण्याचे निवासस्थान आहे आणि तंटा मिटविण्याचे आसनही आहे. गायता, पाटील आणि वडीलधारी मंडळी तेथे बसतात. अनेक गावांचा मिळून इलाखा असतो आणि गावात न सुटलेला प्रश्न इलाख्याच्या बैठकीपुढे जातो. कोलामांच्या पोडावर नाईक आणि महाजन हेच काम करतात. भिल्ल पट्ट्यात झाबुआ-अलिराजपूरकडे तंट्याच्या तडजोडीला भांजगडा आणि ती घडवून आणणाऱ्याला भांजगडिया म्हणतात. नावे वेगळी, भाषा वेगळ्या, पण रीत ओळखीची आहे.

ती रीत जवळून पाहायची असेल, तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे. जेमतेम पाचशे वस्तीचे हे गाव. ऐंशीच्या दशकात भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांच्या विरोधात त्या परिसरात ‘मानव बचाव, जंगल बचाव’ आंदोलन उभे राहिले. धरणे मागे पडली, पण आंदोलनातून काही गावांना आपल्या बळाची जाणीव झाली. देवाजी तोफा यांच्यासारखा गावातलाच नेता आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सर्वोदयी विचारांचा सहकारी यांच्या प्रयत्नांतून मेंढ्याने आपल्या जुन्या रीतीला नवा आकार दिला. ‘मावा नाटे, माटे सरकार’, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची गोंडी घोषणा महाराष्ट्रभर गेली. घोषणेमागची कार्यपद्धती मात्र फारशी कोणी समजून घेतली नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. निर्णय होतो तो सर्वसहमतीने. एकानेही मनापासून विरोध केला, तर निर्णय पुढे ढकलला जातो आणि पुन्हा बसले जाते. स्त्रिया आणि पुरुष दोघेही बैठकीला असतात. त्याखेरीज अभ्यासगट आहेत. तेथे ज्याला ज्या विषयात रस आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, प्रश्न विचारावेत, कायद्याचा कागद वाचावा. अट एकच, अभ्यासगटाने निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा. जाणकाराच्या वजनाखाली गाव दबू नये, यासाठी केलेली ही योजना एखाद्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकालाही थक्क करील अशी आहे.

या पद्धतीला वेळ लागतो, ही तिच्यावरची नेहमीची टीका. टीका खरी आहे. गावातील दारूबंदीसारखा निर्णय एका रात्रीत झाला नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव २००९ साली लागले, सुमारे अठराशे हेक्टर जंगलाची जबाबदारी गावाकडे आली आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती देण्यासाठी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना त्या गावात यावे लागले. २०१३ साली गावकऱ्यांनी आपापली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली गावाच्या नावे करण्याचा निर्णय घेतला, तोही सर्वसहमतीने. महाराष्ट्रात सख्ख्या भावांत बांधाच्या हातभर जमिनीवरून पिढ्यान् पिढ्या दिवाणी दावे चालतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे मोल कळते. हळू चालणारी माणसे कोठवर पोचली, हे पाहिल्यावर वेळेचा हिशेब निराळा लावावा लागतो.

या पार्श्वभूमीवर माओवाद्यांची ‘जन अदालत’ आठवावी. दिसायला तीही गावाची बैठकच असे. गाव गोळा केले जाई, आरोप वाचला जाई, लोकांना विचारले जाई. पण बंदुका कोणाच्या खांद्यावर आहेत, हे प्रत्येकाला दिसत असे आणि निकाल आधीच ठरलेला असे. ज्या समाजात वडीलधाऱ्याच्या शब्दाने भांडणे मिटत होती, तेथे त्या वडीलधाऱ्यालाच ‘सरंजामी’ ठरवून बाजूला सारले गेले. कित्येक पोलीस पाटलांची हत्या झाली. गावाचे मौन संमती म्हणून खपविले गेले. माओवादाने केलेल्या हत्यांची मोजदाद होते, त्याने उद्ध्वस्त केलेल्या या बैठकीची होत नाही. आणि येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. शेजारच्या बस्तरमध्ये २००५ साली सलवा जुडूमच्या रूपाने प्रतिकार उभा राहिला, त्यामागचा संताप खरा होता. पण गावातील मुलांच्या हाती शस्त्रे देऊन गावाचे दोन तुकडे झाले आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांच्या व्यवस्थेला मनाई केली. बंदूक कोणत्याही बाजूची असो, तिच्या सावलीत खरी बैठक बसत नाही.

पुणेकराने मात्र ही सारी कथा दूरच्या रानातली समजू नये. त्याच्या स्वतःच्या शहराची कागदपत्रे वेगळे सांगतात. मराठेशाहीच्या काळातील गोतसभा, मजलिस आणि पंचायत यांवर डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी केलेला प्रबंध डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. निवाडा सुरू होण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी या दोघांकडूनही, पंच जे ठरवतील ते मान्य करू, अशी लेखी कबुली घेतली जात असे. तिला म्हणत राजीनामा. राजी असल्याचा नामा! आज त्या शब्दाचा अर्थ खुर्ची सोडण्याचा कागद एवढाच उरला आहे. तेव्हा तो बैठकीत बसण्याचा कागद होता. निवाडा झाला की हरलेल्याने येजितखत लिहून द्यायचे, म्हणजे वाद संपल्याची कबुली त्याच्या स्वतःच्या हातून यायची. लादलेला निकाल आणि स्वीकारलेला निकाल यांतील फरक त्या पिढ्यांना पक्का ठाऊक होता.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ च्या आपल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पंचायतींचे दोष सांगितले, त्या मंदगती असतात, लाचेला वाव असतो, हेही लिहिले; आणि तरीही त्या टिकवाव्यात असेच त्याचे मत होते. टिकल्या नाहीत. कंपनी सरकारची न्यायालये, १८२७ चे कायदे आणि वकिलांचा नवा वर्ग यांच्यापुढे पंचांची सतरंजी गुंडाळली गेली. अर्धशतकाने त्याची फळे पुणे जिल्ह्यानेच पाहिली. १८७५ साली सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. न्यायालयाचे हुकूमनामे सावकाराच्या बाजूने पडत गेले आणि तडजोडीची जागाच उरली नाही, हे त्या उद्रेकामागचे एक मोठे कारण होते. १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्यात सरकारला गावोगाव तडजोड करणारे अधिकारी नेमावे लागले ते त्यामुळेच. त्याच दशकात सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात लवाद कोर्ट चालविले. न्यायमूर्ती रानडे हे स्वतः सरकारी न्यायखात्यातले. आपापसांत मिटवून घेण्याचे मोल त्यांना ठाऊक होते. सह्याद्रीच्या माथ्यावर महादेव कोळ्यांनी आणि ठाकरांनी जे जपले, ते खाली पेठांत आपण गमावले, एवढाच काय तो भेद.

गमावले ते किती, याचा पुरावा हवा असेल तर कोणत्याही सहकारी गृहरचना संस्थेची वार्षिक सभा पाहावी. गाडी उभी करण्याच्या जागेवरून आणि गच्चीवरील टाकीच्या पाण्यावरून सुशिक्षित माणसे एकमेकांवर वकिलांच्या नोटिसा धाडतात. पुणेरी पाटीचे कौतुक सर्वत्र होते, विनोदही होतात. पण पाटी म्हणजे काय? समोरच्या माणसाशी न बोलता त्याला सुनावण्याची सोय! वनवासी पाड्यावर पाटी नसते, कारण तेथे तोंडावर बोलण्याची आणि ऐकून घेण्याची जागा अजून शाबूत आहे.

परंपरेचे हे कौतुक येथेच थांबविले तर ते अर्धसत्य ठरेल. पंच परमेश्वर असतो, असे म्हणणाऱ्या समाजातच पंचांनी परमेश्वर होण्याची हौस कशी भागविली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबे, आंतरजातीय विवाहाबद्दल वसूल केलेला दंड, अंत्ययात्रेला खांदा देण्यास केलेली मनाई, ही उदाहरणे कोण्या विरोधकाने रचलेली नाहीत. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर मोहीम चालविली. तिच्याशी अनेक बाबतींत मतभेद असणाऱ्यांनीही या कामाचे श्रेय नाकारू नये. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली एकमताने केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१७ साली लागू झाला. पुण्यातही त्याखाली गुन्हे नोंदले गेले. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका भटक्या समाजातील तरुणांना मारहाण झाली. त्यांचा अपराध काय, तर नववधूच्या कौमार्य परीक्षेच्या प्रथेला त्यांनी विरोध चालविला होता. विरोध करणारे ते तरुण त्याच समाजातले होते, ही त्या घटनेतील सर्वांत आशादायक बाब होय. परंपरेवर प्रेम करणारा माणूसच तिच्यातील कुजलेला भाग कापण्यास पुढे होतो.

मग मेंढ्याची ग्रामसभा आणि बहिष्कार टाकणारी पंचायत यांत भेद कोणता? दोन्हीकडे वडीलधारी मंडळी आहेत, दोन्हीकडे एकमताचा आग्रह आहे. भेद आहे तो विरोध करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, यात. एकीकडे एकाच्या विरोधाने निर्णय थांबतो. दुसरीकडे निर्णयाने तो एक जण संपतो. बैठकीत स्त्री बसते का, बसली तर बोलते का, बोलली तर तिचे बोलणे पुढच्या बोलणाऱ्याच्या तोंडी येते का, हे पाहिले की पंचायतीची जात ओळखू येते. आणखी एक मर्यादा निःसंदिग्ध असली पाहिजे. बलात्कार, खून, लहान मुलांवरील अत्याचार हे पंचांनी मिटवावयाचे विषय नव्हेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये कोणते गुन्हे आपसांत मिटविता येतात याची यादी आहे. त्या यादीबाहेरचा गुन्हा दंड भरून आणि जेवण घालून मिटविला गेला, तर ती तडजोड नव्हे, पीडितेवर झालेला दुसरा अन्याय होय. भांजगड्याचेही असेच आहे. भांडण मिटविणारा मध्यस्थ जेव्हा भांडणावर जगू लागतो, दोन्हीकडून पैसे घेतो आणि पोलीस ठाण्याशी संधान बांधतो, तेव्हा त्या नावाचा मान उरत नाही.

कायद्याने या विद्येला थारा दिलेला नाही, असे मुळीच नाही. भूरिया समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९९६ मध्ये आलेल्या ‘पेसा’ कायद्याचे कलम ४ (ड) स्पष्ट सांगते, की रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडविण्याची परंपरागत पद्धती यांचे रक्षण करण्यास प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम करण्यास २०१४ साल उजाडू दिले, ही दिरंगाई कोणत्याही पक्षाच्या सरकारला भूषणावह नाही. मध्य प्रदेशने २०२२ च्या आपल्या नियमांत शांतता व विवाद निवारण समितीची तरतूद केली. २०१५ पासून महाराष्ट्रात जनजाती उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींकडे थेट जाऊ लागला. ही योजना स्वागतार्ह खरी, पण पैसा आला की त्यामागून भांडण येते, हा अनुभव मुंबईच्या मंत्रालयापासून भामरागडच्या पाड्यापर्यंत सारखाच. रस्ता आधी कोणत्या टोल्याचा, पाण्याची टाकी कोणाच्या दारात, ठेकेदार कोणाचा मेहुणा, असे प्रश्न जुन्या पंचांनी कधी सोडविलेले नाहीत. जुनी रीत नव्या भांडणाला पुरी पडेल काय, ही खरी कसोटी आहे.

२००७ च्या स्वातंत्र्यदिनी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हा याच दिशेचा मोठा प्रयत्न होता. गावोगाव समित्या झाल्या, अनेक तंटे खरोखरच मिटले, पोलीस ठाण्यावरचा भार हलका झाला. परंतु गावाला बक्षीस आणि मिटलेल्या तंट्यांची संख्या यांची सांगड घातली गेली, तेथे आकडा मोठा झाला आणि माणूस मागे पडला. तंटामुक्त म्हणून गौरव झालेल्या गावाच्या वेशीवर आज तो फलक रंग उडालेल्या अवस्थेत उभा दिसतो. समिती कोठे बसते, हे मात्र गावातल्या तरुणाला सांगता येत नाही.

आता २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या वस्तीतील शांतता व सलोखा बिघडविणारा वाद, दोन्ही बाजूंच्या संमतीने, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेण्याची ही तरतूद आहे. समाजात मान असलेल्या, सचोटीच्या स्थानिक व्यक्तींची यादी करावी, तीत स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार व्हावा, असे कायदा म्हणतो. या तडजोडीला न्यायालयीन हुकूमनाम्याचे बळ नाही. ते बळ मुद्दामच दिलेले नाही, आणि कायदेपंडितांना हा दोष वाटत असला तरी यातच शहाणपण आहे. गोटुलातील निवाड्यामागे बेलीफ कधीच नव्हता. ‘उद्या याच माणसांत राहायचे आहे’ ही जाणीवच तेथे बेलीफाचे काम करी. मात्र यादी कोण करणार, हा प्रश्न निर्णायक आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी बसून केली, तर तीत निवृत्त अधिकारी, वकील आणि पुढाऱ्यांचे हस्तक येतील. पाड्यावरची जाणती म्हातारी येणार नाही.

येथे पुण्याची जबाबदारी सुरू होते. राज्यातील प्रशिक्षणाची सूत्रे मोठ्या प्रमाणावर याच शहरातून हलतात. आदिवासी संशोधन संस्था येथे आहे, बाणेर रस्त्यावर ‘यशदा’ आहे, समाजकार्य शिकविणारी महाविद्यालये आहेत आणि स्वयंसेवी संस्थांची तर गणतीच नाही. येथून निघालेला प्रशिक्षक पाड्यावर पोचतो तो तक्ते, रंगीत चिठ्ठ्या, खडू-पेन आणि दीड तासाचे वेळापत्रक घेऊन. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या जातात, पाहुणे समोर आणि गाव त्यांच्याकडे तोंड करून. प्रश्न विचारला जातो. कोणी बोलत नाही. प्रशिक्षक अस्वस्थ होतो, दुसऱ्यांदा विचारतो, मग स्वतःच उत्तर सुचवितो. कोणीतरी एक जण, बहुधा थोडेफार शिकलेला आणि पुढाऱ्याच्या जवळचा, ‘बरोबर आहे साहेब’ म्हणतो. तक्त्यावर ‘गावाचे मत’ लिहिले जाते. ते मौन हा बैठकीचाच भाग होता, म्हाताऱ्या माणसाने आधी बोलावे म्हणून बाकीचे थांबले होते आणि म्हातारा विचार करीत होता, हे त्या तक्त्यावर कधीच येत नाही.

कार्यकर्त्याला बैठक नवी नाही. जमिनीवर वर्तुळात बसणे, सर्वांचे ऐकणे, शेवटी बोलणे, हे संस्कार त्याच्या अंगी असतात, असे मानले जाते. पण तोही जेव्हा पाड्यावर जातो, तेव्हा उत्तर खिशात घालून जातो, हे कबूल केले पाहिजे. सेवेची तळमळ जितकी मोठी, तितकी ऐकण्याची घाई मोठी! ठाकर वस्तीवर सकाळी अकराला बोलावलेली बैठक रात्री जेवणे आटोपल्यावर शेकोटीभोवती खऱ्या अर्थाने सुरू होते. दिवसा कातकऱ्याच्या वस्तीवर माणसेच नसतात. ती मजुरीला गेलेली असतात, हंगामात तर वीटभट्टीवर स्थलांतरित झालेली असतात. त्यांच्या गैरहजेरीत जो निर्णय होतो, तो त्यांच्याविरुद्धच जाण्याचा संभव अधिक. भाषेचा प्रश्न आणखी खोल आहे. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविडी कुळातील भाषा, तर कोरकू मुंडा कुळातील. मराठीत चाललेल्या बैठकीत गोंड स्त्री गप्प बसते ती लाजेने नव्हे. तिचा राग, तिचे दुःख आणि तिचा विनोद ज्या भाषेत आहे, ती भाषा तेथे चालत नसते. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या. पुण्याच्या वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास केला तो झाडांसाठी. देवराईतील झाडाला हात लावायचा की नाही, यावर गावात दोन तट पडले म्हणजे देवाला कौल लावण्याची रीत सह्याद्रीत आणि कोकणात आहे. शहरी माणूस त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. परंतु कौल लागेपर्यंत दोन्ही तट थांबतात, रागाला उतार पडतो आणि शेवटी माघार घेणारा शेजाऱ्यापुढे हरत नाही, देवाचे ऐकतो. या योजनेतील माणसांची जाण कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडत नाही.

जगाने हे धडे उशिरा का होईना गिरवायला घेतले आहेत. अमेरिकेतील नवाहो लोकांनी १९८२ साली आपल्या न्यायव्यवस्थेत शांतिस्थापनेची पारंपरिक पद्धत औपचारिकपणे आणली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत कुटुंबाची बैठक सक्तीची केली, त्यामागे माओरी समाजाचा आग्रह होता. गडचिरोलीच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण मात्र आफ्रिकेतील रवांडाचे आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर तुरुंग भरून गेले, न्यायालयांना शतक पुरले नसते. तेव्हा ‘गचाचा’ या नावाने ओळखली जाणारी, गवतावर बसून निवाडा करण्याची गावची जुनी रीत शासनाने नव्या रूपात आणली. २०१२ साली ती बंद झाली, तोवर सुमारे एकोणीस लाख प्रकरणे तिने हाताळली होती. ती निर्दोष नव्हती. सूड उगविण्यासाठी खोटे आरोप झाले, साक्षीदारांना धमक्या आल्या, सत्ताधाऱ्यांच्या बाजूने झालेल्या हत्यांना तेथे जागा मिळाली नाही. तरी हजारो घरांना आपला माणूस कोठे पुरला आहे, एवढे तरी तेथे कळले. मारणाऱ्याच्या तोंडून कळले.

गडचिरोलीतील विधवेलाही बहुधा तेवढेच हवे असेल. तिच्या नवऱ्यावर ‘खबऱ्या’ असल्याचा शिक्का मारला गेला, तो खोटा होता, हे साऱ्या इलाख्यासमोर, तिच्या भाषेत, ज्यांनी तो मारला त्यांच्यापैकी कोणीतरी सांगावे. खुनाचा खटला न्यायालयातच चालेल आणि चाललाही पाहिजे. गोटुलाला तो माफ करता येत नाही. परंतु न्यायालयाच्या निकालपत्रात त्या घरावरचा कलंक पुसण्याचा रकाना नसतो. तो पुसण्याचा अधिकार गावाचा आहे. आत्मसमर्पण केलेल्यांच्या पुनर्वसनाच्या योजनेत अशा बैठकींची तरतूद नाही. पीडित कुटुंबांना विचारून, त्यांची तयारी असेल तेथेच, पोलिसांना बाहेर थांबवून, इलाख्यातील गायता आणि जाणत्या स्त्रिया यांच्या पुढाकाराने ती करावयास हवी. घाईने, छायाचित्रकारांच्या साक्षीने झालेला ‘सलोखा मेळावा’ हा त्यावरचा उपाय नव्हे. क्वीन्स गार्डनमधील संस्थेनेही त्यासाठी एक काम तातडीने हाती घ्यावे. भामरागड, एटापल्ली, धानोरा आणि इकडे जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पाड्यांवर तंटे मिटविणारी जी वृद्ध माणसे आज हयात आहेत, त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन जावे, त्यांनी मिटविलेली भांडणे त्यांच्याच बोलीत टिपून ठेवावीत आणि पुढच्या प्रशिक्षण वर्गात शिक्षकाच्या जागी त्यांना बसवावे. पुण्याहून गेलेल्या प्रशिक्षकाने त्या दिवशी तक्ता गुंडाळून सतरंजीच्या कडेला बसावे आणि म्हातारा बोलायला लागेपर्यंत थांबावे.